मागची सीट आणि तुझ्या मातोश्री

प्रिय मेहुणेबुवा यांस,

तुझ्या एकुलत्या एका बहिणीच्या एकुलत्या एका नवऱ्याचा सप्रेम नमस्कार. तू वयाने लहान, तेव्हा खरं तर आशीर्वाद लिहायला हवा होता. पण गेले काही महिने माझ्या तोंडून जे काही बाहेर पडतं आहे त्याला आशीर्वाद म्हणता येणार नाही, म्हणून नमस्कारावर भागवून घे. तुझी तब्येत, तुझ्या सौभाग्यवतींचा गुडघा, मुलांचे अभ्यास आणि तुझं खुर्च्या-टेबलांचं दुकान ही सगळी उत्तम आहेत असं धरून पुढे जातो. इकडे तुझी बहीण बरी आहे. मी बरा नाही. तुझ्या मातोश्री, म्हणजे आमच्या सासूबाई, इतक्या बऱ्या आहेत की त्याचसाठी हे पत्र लिहायला घेतलं.

फोन का केला नाही, असं म्हणशील. फोनवर आपलं बोलणं कसं होतं ते तू जाणतोस. मी 'अरे, जरा ऐक' म्हणायचा अवकाश, तुझ्या दुकानात गिऱ्हाईक येतं आणि 'भावोजी, मागाहून करतो' म्हणून तू फोन ठेवतोस. (इतकी गिऱ्हाईकं खरोखर येत असती तर एव्हाना गावात उभं राहायला माणूस उरला नसता, सगळे तुझ्या खुर्च्यांवर बसलेले असते.) पत्राचं एक बरं असतं. मधे गिऱ्हाईक आलं तर ते थांबतं, पण तुटत नाही. तेव्हा एखादी न खपलेली खुर्ची ओढून घे आणि शेवटपर्यंत वाच.

मी जन्मभर लिफ्टचा तपासनीस होतो. लोकांना वाटतं त्यात काय, बटण दाबायचं. पण तू विचार कर, जो माणूस सगळी नोकरी वर गेला आणि खाली आला, तो पुढे कधी गेला? सकाळी तळमजल्यावर असायचो, संध्याकाळीही तळमजल्यावरच. म्हणून निवृत्त झाल्यावर मी मनाशी ठरवलं की आता फक्त पुढे जायचं. समुद्राच्या कडेने जो मोठा रस्ता जातो तो जिथे संपतो तिथपर्यंत जायचं, आणि मागे तुझी बहीण बसलेली असेल. यात कुणाला त्रास होण्यासारखं काही होतं का? तूच सांग.

शोरूममधला टायवाला विक्रेता फार पोचलेला. मी इंजिनाचं विचारायला गेलो, तर त्याने मला गाडीच्या मागच्या बाजूला नेलं. म्हणाला, साहेब, टूरिंगची मोटारसायकल चालवतो पुढचा माणूस, पण घ्यायची की नाही हे मागचा माणूस ठरवतो. आणि मग त्याने ती सीट दाखवली. सीट कसली, सिंहासनच ते. पाठीला थेट खांद्यांपर्यंत टेकण. हात ठेवायला दोन्ही बाजूंना गादीचे दांडे, चढताना वर करायचे आणि बसल्यावर खाली घ्यायचे. पाय लोंबकळू नयेत म्हणून खुंट्यांऐवजी अख्खं पाऊल मावेल असे रुंद फूटबोर्ड. थंडीत सीट गरम होते, आणि मागच्या सीटचं बटण मागच्या माणसाच्या हाताशी वेगळं दिलेलं आहे (नवरा-बायकोला एकाच वेळी थंडी वाजत नाही, हे त्या कंपनीतल्या कुणाला तरी घरीच कळलेलं असणार). पाठीमागे दोन स्पीकर. वारा लागू नये म्हणून समोरची काच बटणाने वर होते. बाजूला दोन पेट्या, मागे एक मोठी पेटी. दोन्ही हेल्मेटांतून एकमेकांशी बोलायची सोय. गाडी जड म्हणून तिला चक्क रिव्हर्स गिअर. आणि ज्याने माझा बळी घेतला ते एक लहानसं बटण. ते दाबलं की पडद्यावर चित्र येतं, एक हेल्मेट. परत दाबलं की हेल्मेट आणि बॅग. मग दोन हेल्मेटं. मग दोन हेल्मेटं आणि बॅग. ज्याचं जे वजन, त्याप्रमाणे आतल्या स्प्रिंगा नरम-कडक होतात. आमच्या लिफ्टमध्ये 'आठ माणसे' एवढंच लिहिलेलं असायचं. त्या आठांच्या पाठीचं काय होतं याचा विचार माझ्या अख्ख्या खात्यात कुणी केलेला नव्हता. मला भरून आलं आणि मी सही केली.

तुझ्या बहिणीने गाडीभोवती एक फेरी मारली आणि एवढंच विचारलं, की उतरायचं कसं. मी म्हटलं, आधी चढ तर. पेट्रोल पंपापर्यंत जाऊन यायचं ठरलं. आता त्या हेल्मेटातल्या बोलायच्या सोयीबद्दल सांगतो. आमचा संसार इतकी वर्षं टिकला त्याचं मोठं कारण म्हणजे घराला दारं आहेत. तिने स्वयंपाकघरातून काही म्हटलं की माझ्यापर्यंत त्यातलं निम्मं पोचतं, आणि माझं तिच्यापर्यंत त्याहून कमी. हेल्मेटाला दार नसतं. 'पुढे सिग्नल आहे. दिसतोय ना? तो सायकलवाला बघा. बघितलात?' हे सगळं माझ्या कानाच्या आत. आणि मी खुशीत गुणगुणत होतो ते सगळं तिच्या कानाच्या आत. पंपावर ती उतरली आणि हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून घरापर्यंत चालत आली. तिने निकाल दिला: तुम्हाला जिथे जायचं तिथे जा, मी सामान घेऊन रेल्वेने येईन. (आणि तुमच्या आधी पोचेन, हे तिने म्हटलं नाही, पण चेहऱ्यावर होतं.)

झालं. सिंहासन रिकामं, आणि मी एकटा. तरी मी मनाची समजूत घातली. तिची समजूतही घातली असती, महिन्या-दोन महिन्यांत ती वळली असती. पण तेवढा वेळ मला मिळाला नाही, कारण मधे तुझ्या मातोश्री आल्या.

त्यांच्या पाठीचं तुला माहीत आहे, म्हणजे माहीत असायला हवं. जिन्यावरून पडल्यापासून त्यांना बसवत नाही. चालतात ठणठणीत, उभ्या तर माझ्यापेक्षा जास्त वेळ राहतात, पण बसल्या की चहा निवायच्या आत उठतात. दवाखान्यापर्यंत टॅक्सीने गेल्या तर येताना चालत येतात. रेल्वेच्या फळीवर आडवंही होववत नाही, त्यामुळे कुठे जाणं नाही, येणं नाही. यावर तू काय उपाय केलास? खुर्च्या पाठवल्यास. त्यांची पाठ दुखते असं कळलं की तुझ्याकडून खुर्ची येते, पाठोपाठ तू कधीच येत नाहीस. पहिली ती मागे रेलणारी, तिच्या दांड्याने त्यांना असं काही आडवं केलं की आम्ही बाजारातून येईपर्यंत त्या छताकडे बघत पडून होत्या. मग ती डुलणारी. मग ती चाकांची, जी त्यांना घेऊन न्हाणीघराच्या दारापर्यंत गेली. मग ती पाठ चोळणारी, जी सुरू केल्यापासून मांजर त्या खोलीत पाऊल टाकत नाही. आमच्या घरात आता इतक्या खुर्च्या आहेत की पाहुणे आले तर त्यांना वाटतं इथे सभा आहे. आणि फोनवर तू नेहमीचं म्हणतोस, 'आई, तूच ये ना एकदा, नवं घर बघून जा.' त्या 'बघू' म्हणतात, फोन ठेवतात आणि जरा वेळ तिथेच उभ्या राहतात. (बसवत नाही म्हणून, असं मी समजत आलो.)

तर एका सकाळी सासूबाई कपड्यांचे चिमटे शोधायला गॅरेजमध्ये गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. ओले कपडे घेऊन खोळंबलेली तुझी बहीण मला म्हणाली, जरा बघा. मी बघितलं. स्टुलावर पाय देऊन त्या मागच्या सीटवर चढल्या होत्या आणि मस्त टेकून, दोन्ही हात दोन्ही दांड्यांवर टाकून, डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं पाठ धरली आणि उतरता येत नाही, म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी डोळे उघडून मला विचारलं, 'जावईबापू, ही खुर्ची कुठून आणलीत?'

मी सांगितलं की ही खुर्ची नाही, मोटारसायकल आहे. असेना का, म्हणाल्या, आणि पुन्हा डोळे मिटले. जेवायची वेळ झाली तरी उतरेनात. ही बाई एका जागी इतका वेळ बसलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. तुझी बहीण गॅरेजच्या दारात ओले कपडे हातात धरून बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की माझा प्रवास संपला.

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. ती अंगावर आली आता. दुसऱ्या दिवशी तक्रार अशी की खुर्ची डावीकडे कलते आणि चहा बशीत सांडतो. गाडी साइड स्टँडवर आहे म्हणून कलते, हे समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. मी ती डबल स्टँडवर घेतली. त्या गाडीचं वजन तुझ्या दुकानातल्या सगळ्या कपाटांएवढं आहे, तेव्हा माझी कंबर गेली. म्हणजे आता घरात दुखऱ्या पाठी दोन, आणि सुखाची सीट एक, आणि ती भरलेली. मग त्यांना सीट गरम करायचं बटण सापडलं. मग रेडिओचं. मग काच वर करायचं, कारण गॅरेजच्या दारातून वारा येतो. कुठल्याच बटणाची त्यांना भीती वाटली नाही. हीच बाई कुठल्याही लिफ्टमध्ये मजल्याचं बटण दाबायला मला सांगायची.

चारेक दिवसांत बॅटरी उतरली. मेकॅनिक आला, त्याने मीटर बघितलं आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की साहेब, गाडी कुठे गेलीच नाही, मग बॅटरी कुणी संपवली? मी मागच्या सीटकडे बोट दाखवलं. सासूबाईंनी त्याला चहा पाजला, त्याच्या आईची पाठ कशी आहे ते विचारलं, आणि तो मनुष्य त्यांचा झाला. त्याने भिंतीच्या प्लगातून चार्जर लावून दिला. आता लांब पल्ल्याची ही मोटारसायकल खुंट्याला बांधलेल्या शेळीसारखी वायरीने भिंतीला बांधलेली आहे.

पुढचं भराभर सांगतो, कारण आठवलं की माझं डोकं फिरतं. गॅरेजच्या खिडकीला पडदा आला. खाली सतरंजी आली. दिवा आला. उजव्या पेटीतून माझा रेनकोट आणि नकाशे निघाले आणि त्यांच्या गोळ्या, चष्मा, स्वेटर आणि विणकाम आत गेलं. कोपऱ्यावर राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका रोज दुपारी पत्ते खेळायला येऊ लागल्या. त्या बाई पुढच्या सीटवर, म्हणजे माझ्या सीटवर, उलट्या तोंडाने बसतात, मधे एक पाट ठेवतात, आणि खेळताना त्यांची कोपरं हँडलवर टेकलेली असतात. एकदा कोपराने हॉर्न वाजला, तर आजूबाजूचे लोक बघायला आले. मी आत गेलो की दोघी बोलायच्या थांबतात. माझ्याच गॅरेजमध्ये मी खोकून आत जातो.

एकदा मात्र मी हिंमत केली. सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या. मी वायर सोडली, पाट उचलला, रिव्हर्स गिअर टाकला आणि बाहेर पडलो. काय सांगू तुला! गावाबाहेरचा रस्ता, समोर काच, हाताखाली हँडलच्या गरम मुठी, आणि ते इंजिन झोपलेल्या मांजरासारखं चाललेलं. मी पुढे जात होतो, जन्मात पहिल्यांदा. मग स्पीकरवर सासूबाईंचं रेडिओ स्टेशन लागलं. उजव्या पेटीत गोळ्यांच्या बाटल्या खुळखुळायला लागल्या, पाठोपाठ विणायच्या सुया. त्यांच्या सकाळच्या गोळ्या माझ्याबरोबर फिरायला निघाल्या आहेत हे लक्षात आलं आणि मी वळलो. परत आलो तर त्या रिकाम्या गॅरेजमध्ये स्टुलावर हात ठेवून उभ्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. 'मला वाटलं विकलीत,' एवढंच म्हणाल्या, आणि चढून बसल्या. तुझी बहीण जेवताना एक शब्द बोलली नाही. तिचं न बोलणं किती दणदणीत ऐकू येतं, ते तू लहानपणापासून जाणतोस.

इथवरही मी सहन केलं. पण अलीकडे जे चाललं आहे त्याने मी खरोखर घाबरलो आहे, आणि विनोद बाजूला ठेवून तुला कळवतो. सासूबाई हेल्मेट घालून बसतात. घरात, म्हणजे गॅरेजमध्ये, पत्ते खेळतानासुद्धा. मुख्याध्यापिकांना त्यात काही वावगं दिसत नाही. सासूबाईंनी तुझ्या बहिणीचं जाड जाकीट मागून घेतलं, तेही अंगात असतं. बराच वेळ बसतात, मग उतरतात, सतरंजीभोवती चार येरझारा घालतात, पाणी पितात आणि परत चढतात, कुणी न सांगता, रोज, शाळेला गेल्यासारख्या. परवा मला म्हणाल्या, इंजिन सुरू करा. मी म्हटलं, कशाला? तर थरथर किती होते ते बघायचं आहे. गॅरेजचं दार सताड उघडून मी इंजिन सुरू केलं, आणि त्या डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून बसून राहिल्या. मला विचारतात, पेट्रोल भरायला किती वेळाने थांबावं लागतं? तिथे उतरून चालायला जागा असते का? वाटेत झोपायची सोय कशी? मी वैतागून म्हटलं, खुर्चीला पेट्रोल लागत नाही. मला वाटतं वयाने त्यांचं डोकं आता हळूहळू कामातून चाललं आहे. मी तसं तुझ्या बहिणीला म्हटलं, तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली जशी काय माझंच चाललं आहे.

तेव्हा आता सरळ मागणी करतो. तू इकडे ये आणि आईला काही दिवस घेऊन जा. कसं न्यायचं ते तू बघ, मुलगा तू आहेस. ते जमत नसेल तर हुबेहूब या सीटसारखी खुर्ची बनवून पाठव. टेकणाची उंची, गादीचा उतार, दांड्यांमधलं अंतर, सगळी मापं मी स्वतः घेऊन सोबत जोडली आहेत (त्या बसलेल्या असतानाच घ्यावी लागली, टेप धरायला त्यांनीच मदत केली). मला ही मोटारसायकल परत हवी आहे. या वयात माणसाला एकच गोष्ट पुढे नेणारी मिळते, आणि तिच्यावर विणकाम चालू आहे.

लहानांना माझे गोड पापे, मोठ्यांना नमस्कार, आणि तुला जे काही म्हणायचं आहे ते वर म्हणून झालं आहे.

तुझा,
कंबर गेलेला आणि गाडी गेलेला,
भावोजी

ता. क. हे पत्र तुझ्या बहिणीला कळता कामा नये. उत्तर पाठवशील तेव्हा पाकिटावर दुकानाचं नाव घाल, म्हणजे तिला वाटेल आणखी एक खुर्ची येते आहे.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवायला मी तुझ्या बहिणीकडे गोंद मागितला, इथे घोटाळा झाला. तिने पत्र उभ्यानेच वाचलं. मग तुझी ती डुलणारी खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसली, आणि म्हणाली, 'अहो, आई तिथे नुसती बसत नाहीये. सराव करतेय.'

मला कळायला वेळ लागला, तुला लागू नये म्हणून उलगडून सांगतो. ज्या दिवशी त्यांना कळलं की ही एकच जागा आहे जिथे आपली पाठ गप्प बसते, आणि या जागेला चाकं आहेत, त्याच दिवशी त्यांनी ठरवलं. हेल्मेटाचं वजन मानेला सोसतं का, थरथर सोसते का, किती वेळाने उतरावं लागतं, सगळं त्या एकेक करून बघत होत्या. मुख्याध्यापिकांना ठाऊक, तुझ्या बहिणीला ठाऊक, डॉक्टरांना विचारून झालेलं (मधे मधे उतरून चाला, बाकी हरकत नाही), मेकॅनिकलासुद्धा ठाऊक. फक्त गाडीच्या मालकाला ठाऊक नव्हतं.

मी गॅरेजमध्ये गेलो. त्या हेल्मेट घालून बसल्या होत्या. मी विचारलं, मला का सांगितलं नाहीत? त्यांनी हेल्मेटची काच वर केली.

'गाडी तुमची, सहल तुमची,' त्या म्हणाल्या. 'त्यात माझं ओझं कुठे घालू? म्हटलं आधी बघावं, जमतंय का. नाही जमलं तर नुसती खुर्चीवर बसले होते असं झालं असतं. कुणाला वाईट वाटायला नको.'

मग म्हणाल्या, 'तो दरवेळी म्हणतो ना, आई, तूच ये. मुलाने बोलावलं तर जायला नको?'

मेहुणेबुवा, तू ते फोन ठेवायचा म्हणून म्हणतोस हे मला माहीत आहे. तुझ्या बहिणीलाही माहीत आहे. त्या बाईने ते खरं धरलं. मला तिथे उभ्या उभ्या फार राग आला, आणि तो या खेपेला मोटारसायकलीवरून नव्हता.

शेवटचा ता. क. वरची मागणी रद्द समज. तू येऊ नकोस, खुर्ची बनवू नकोस, मापांचा कागद मी फाडला आहे. काल सासूबाईंना घेऊन गावाबाहेर जाऊन आलो. मी जपून चालवत होतो. कानात आवाज आला, 'जावईबापू, असं चाललात तर पोचणार कधी?' नंतर बराच वेळ काही नाही. मी घाबरून विचारलं, पाठ दुखतेय का? तर म्हणाल्या, नाही हो, बघतेय. मी गुणगुणत होतो, त्याला त्यांनी हरकत घेतली नाही. उलट पुढची ओळ त्यांनी म्हटली.

आम्ही पुढल्या आठवड्यात निघतो, वाटेत दोन मुक्काम करू. समुद्राच्या कडेचा रस्ता नंतर बघता येईल, तो कुठे पळून जात नाही. मी ते बटण दाबून ठेवलं आहे, दोन हेल्मेटं आणि बॅग. तुझी बहीण सामान घेऊन रेल्वेने येते आहे आणि आमच्या आधी पोचेल. फाटकाशी एक भक्कम स्टूल ठेव, उतरताना पाय द्यायला लागतं. ओसरीत किंवा बागेत, जिथे सावली असेल तिथे, प्लगाची सोय कर, वायर आम्ही आणतो. त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक येणार असेल तर त्याला आधीच उभं राहायला सांगून ठेव.

आणि आईसाठी म्हणून बैठकीत एखादी खुर्ची पुसून ठेवायला जाशील, तर तसं काही करू नकोस. त्यांनी मुद्दाम लिहायला सांगितलं आहे: माझी खुर्ची मी घेऊन येते आहे, त्याला म्हणावं, तू फक्त घरी अस.